समोरच्या खिडकीतला हनुक्का

चौथ्या दिवशी सिपोराने त्या बंद घराची कडी वाजवली, तेव्हा आतून कुणी दार उघडेल असं तिला मुळीच वाटलं नव्हतं. पण पावलं वाजली, अडसर सरकला. दारात एक उंच तरुण उभा होता... सदऱ्याच्या बाह्या दुमडलेल्या, बोटांना काजळी.

"तुम्ही... जिवंत आहात?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"सकाळपर्यंत तरी होतो," तो म्हणाला. "शंका असेल तर हात लावून पाहा."

तिने हात पदराआड घेतला.

सिपोरा नवगावकर पनवेलची, बेने इस्राएल म्हणजे कोकणातल्या यहुदी समाजातली. १९३१ साली ती सोलापुरात गिरणी कामगारांच्या मुलींचा संध्याकाळचा वर्ग घेत होती. डिसेंबरात हनुक्का हा यहुद्यांचा दिव्यांचा सण आला, तेव्हा खोलीत एकटीने सण करण्यापेक्षा तिने तो वर्गातच मांडला. मुलींनी खिडकीत पणत्या ठेवल्या, करडईचं तेल ओतलं. तिने गोष्ट सांगितली... शत्रूने विटाळलेलं मंदिर यहुद्यांनी परत मिळवलं, पण दिव्यासाठी शुद्ध तेल उरलं होतं एकाच दिवसाचं. ते आठ दिवस जळलं. म्हणून पहिल्या संध्याकाळी एक दिवा, दुसऱ्या संध्याकाळी दोन, असे आठपर्यंत.

"आन् तेल सरलंच न्हाय?" जमीलाने डोळे मोठे करून विचारलं.

"नाही सरलं."

पहिली पणती लागली आणि रस्त्यापलीकडच्या घराच्या खिडकीत एक ज्योत उजळली. ते घर तेरा वर्षांपूर्वीच्या मानमोडी तापाच्या साथीपासून बंद होतं. वारा पडलेला होता, तरी त्याच्या दारातल्या चिंचेचा पाला सळसळत होता.

दुसऱ्या संध्याकाळी तिकडे दोन ज्योती. तिसऱ्या संध्याकाळी तीन. चौथ्या दिवशी वर्गात एकटी जमीला आली, आणि वर्गातल्याच मायाक्काची आई तानाबाई दारातच उभी राहिली.

"बाई, तुमी लई चांगल्या. पर तुमच्या दिव्यांनी तितलं मेलेलं जागं झालंय. पोरी आता यायच्या न्हाईत."

वर्ग असा भीतीने मोडावा, हे सिपोराला सोसवेना. म्हणून ती रस्ता ओलांडून आली होती.

तरुणाचं नाव रहमीम तळकर. रेल्वेच्या तारघरात कामाला, वाडी जंक्शनहून बदलून आलेला. तोही बेने इस्राएल.

"तुमच्या खिडकीत तीन दिवे पाहिले आणि गाव आठवलं, म्हणून मीही तीन लावले," तो म्हणाला. "तारवाल्याला सवयच असते, निरोप आला की उत्तर द्यायचं."

"मग पहिल्याच दिवशी येऊन सांगायचं होतं." तिला हसू आलं. "तीन दिवस मुली घाबरल्यात."

"तीन दिवस? पण मी तर काल दुपारी आलो..."

तिचं हसू मावळलं.

"काल घरमालक वीरभद्रप्पांनी माझ्यासमोर कुलूप उघडलं. गंजून गेलं होतं. तेल सोडलं तेव्हा किल्ली फिरली."

तो तिला खिडकीपाशी घेऊन गेला. कट्ट्यावर बोटभर धूळ, आणि तिच्यात त्याने काल लावलेल्या तीन दिव्यांशेजारी दिव्यांच्या बुडाएवढी आणखी दोन स्वच्छ वर्तुळं. परतताना तिची नजर दाराच्या चौकटीवर गेली. आत येणाऱ्याच्या उजव्या हाताला तिरकी, फिकट खूण होती, तिथली नळी निघून गेल्यासारखी. यहुद्यांच्या दाराला असते तशी नळी तिच्याही घरी होती, आत देववचन ठेवलेली.

"हे आपल्याच माणसांचं घर होतं," ती हळूच म्हणाली.

"व्हय. वीरभद्रप्पा म्हणाले, रेल्वेतल्या गार्डाचं कुटुंब. चार माणसं, मानमोडीत एका आठवड्यात गेली..." मग तो ओशाळला. "व्हय म्हणालो ना? वाडीची सवय."

ती शहारली. तो तिच्या आणि खिडकीच्या मध्ये येऊन उभा राहिला. तेवढ्याने तिला धीर आला, आणि तेवढ्यानेच ती गोंधळली.

तानाबाईला तिने काही लपवलं नाही. ऐकून त्या बाईने समोरच्या घराकडे पाहून हात जोडले.

"तेरा वर्सं अंधारात," ती म्हणाली. "आपल्या मान्सांचा दिवा बघून आली असतील बिचारी. लावा तुमी."

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच पोरींना घेऊन आली, तेलाची बाटलीही आणली. रहमीमही रोज संध्याकाळी यायला लागला. येताना घराला कुलूप लावायचा, किल्ली खिशात ठेवायचा. आणि तरी समोर पाच उजळले. मग सहा. मग सात. मुलींची भीती हळूहळू विरली. जमीला तर बोटांवर मोजू लागली. रहमीम मात्र मोजताना सिपोराकडे पाहायचा, आणि हमखास चुकायचा.

"तुमची मोजणी कच्ची आहे," ती म्हणायची.

"मास्तरीण चांगली मिळाली तर पक्की होईल."

आठव्या संध्याकाळी दोन्हीकडे आठ दिवे लागले. इथलं तेल संपत आलं तशा समोरच्या ज्योतीही एकेक करून निवल्या... कुणीतरी वाकून, सावकाश फुंकर घालावी तशा. चिंच स्तब्ध झाली. मुली आयांबरोबर घरी गेल्या.

"आता घर खरंच रिकामं झालं," रहमीम म्हणाला. "मला... एकट्याला तिथे राहवणार नाही, सिपोराबाई."

"भीती वाटते?"

"नाही. तुमची सवय झाली." तो थांबला. "तुमच्या वडिलांना पत्र लिहिलं तर चालेल?"

ती पणत्या आवरत राहिली. एक, दोन... तिसरी हातातच राहिली.

"पत्ता कुठे आहे तुमच्याकडे?"

"नाही."

"मग लिहून घ्या की."

त्याच्याजवळ कागद नव्हता. त्याने जमीलाची विसरलेली पाटी उचलली, आणि सिपोरा एकेक शब्द सावकाश सांगू लागली.