कोर्टातला पुकारा

विश्वास ठेवा नाहीतर सोडा, पण हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय आणि मी तिथेच बसलो होतो.

आम्ही बौद्ध माणसं. भूतखेत मानत नाही. तरीही सांगतो.

१९९३चा उन्हाळा. इंदूर. मिल बंद पडली आणि मावशीचे यजमान, तात्यारावकाका, त्याच धसक्यानं गेले. मिलवाले म्हणाले, "वो तो पहले ही काम छोड़ गया था." म्हणजे भीमामावशीला एक पैसा मिळणार नाही. पदरात दोन मुली. तिनं कोर्टात भरपाईचा दावा लावला.

भर दुपारी आमची बारी आली. शिपायानं मावशीचं नाव पुकारायचं, तर चुकून काकांचंच पुकारलं.

"तात्याराव हाजिर हो..."

व्हरांड्यातून उत्तर आलं...

"हाजिर, साब!"

सगळ्यांनी वळून पाहिलं.

व्हरांडा रिकामा होता.

मिलचा वकील टुणकन उठला. "साहब, आदमी तो जिंदा है! फिर दावा कैसा?" मृत्यूचा दाखला होता, पण आवाज जजसाहेबांनीही ऐकला होता. म्हणाले, पुढच्या तारखेला पुन्हा पुकारा होईल.

मावशी पांढरीफटक पडली. "त्यांचाच आवाज आहे रे बेटा."

काका जन्मभर बदली कामगार. रोज सकाळी मिलच्या फाटकावर मुकादम नावं पुकारायचा. ओ दिली नाही की त्या दिवसाचं काम गेलं. बिचारे झोपेतसुद्धा 'हाजिर' म्हणायचे. आम्ही हसायचो.

पुढच्या तारखेला मावशीनं बाकावर आमच्या दोघांच्या मधे जागा सोडली. तिकडे वाकून कुजबुजली, "अहो, आज ओ देऊ नका. तुम्ही हाजिर झालात तर पोरी काय खातील? माझ्या गळ्याची शपथ आहे तुम्हाला."

"तात्याराव हाजिर हो..."

शांतता.

दुसऱ्यांदा... शांतता.

तिसऱ्यांदा पुकारलं, तेव्हा त्या रिकाम्या जागेतून आवाज आला...

शब्द नव्हता. तोंडावर हात दाबून कुणी श्वास कोंडावा, तसा.

मावशी पदरात रडत होती.

दावा मंजूर झाला. मुली शिकल्या, मार्गी लागल्या.

मावशीला आता चालवत नाही. रोज संध्याकाळी ती काकांच्या फोटोला सांगते, "झालं हो कोर्ट. सुटली शपथ. आता बोला की."

कुणी बोलत नाही.

मुली म्हणतात, बाबांची सुटका झाली. मला तसं वाटत नाही... शपथ त्या बाकावर घातली होती. तिथे जाऊन 'सुटली' असं कुणीच म्हटलेलं नाही.

मी जाऊ शकतो. कोर्ट घरापासून फार लांब नाही.

माझी हिंमत होत नाही.