धाकटा

लंगोट वाळत घालायला आगबोटीवर एकच बरी जागा होती, पिछाडीचा कठडा. पुढे धुराड्याची काजळी पडायची आणि मध्ये माणसं दाटीवाटीनं बसलेली असायची. सेमारांगपासून पादांगपर्यंत प्रत्येक बंदरात हजचे यात्रेकरू चढत गेले होते, आणि आता जेद्दा येईपर्यंत उतरणारं कुणी नव्हतं. सकाळची पाण्याची रांग आटोपली की मुंतिया नऊ दिवसांचं बाळ झोळीत छातीशी बांधून, ओले लंगोट खांद्यावर टाकून मागे यायची.

लंगोट बांधताना तिला रोज तोच विचार यायचा. एखादा उडून गेला तर? मग लगेच दुसरा. लंगोट उडेल, तर पोरगं का नाही उडणार? मग ती कठड्यापासून दोन पावलं मागे सरायची आणि स्वतःलाच हसायची. तिचे वडील देमाकमध्ये विद्यार्थ्यांना धर्मग्रंथ शिकवायचे. त्यांच्या गल्लीत लिहितावाचता येणारी बाई ती एकटीच. अंघोळीच्या आणि शुद्धीच्या नियमांवर तिनं अकरा किताबं वाचली होती. बाळ उगीचच रडायला लागलं तर काय करायचं, यावर त्यातल्या एकाही किताबात एक ओळ नव्हती.

त्या सकाळी समुद्र तेलासारखा गुळगुळीत होता. बोटीमागे फेसाच्या दोन रेघा लांबवर गेल्या होत्या. त्या रेघांच्या मधोमध, पार दूर, एक मडकं तरंगत होतं. झाकणावर पांढरं फडकं, फडक्याला गाठ.

गाठ तिच्याच हातची होती. इतक्या लांबून गाठ ओळखू येणार नाही, हे तिला कळत होतं. तरी तिनं ओळखली.

बाळ जन्मलं ते पादांग सोडल्यावर चौथ्या दिवशी. त्याच्यामागून वार पडली. त्यांच्याकडे वार म्हणजे बाळाचा पाठचा भाऊ, धाकटा. घरी असतं तर बापानं ती स्वच्छ धुतली असती, मीठ, सुई आणि अक्षरं लिहिलेला कागद घालून मडक्यात ठेवली असती, आणि मुलगा म्हणून दाराच्या उजव्या हाताला वळचणीखाली पुरली असती. वर पस्तीस संध्याकाळी उपड्या टोपलीखाली दिवा लागला असता. बोटीवर ना माती, ना वळचण. बाप, म्हणजे तर्मिदी, तर समुद्र लागून ओकाऱ्या काढत आडवा पडला होता. तेव्हा सुईण म्बाह सुरानं, सुरा आजीनंच, सगळं केलं. कागदावर अक्षरं मात्र मुंतियानं लिहिली, पोर शहाणं निघावं म्हणून, आणि फडक्याची गाठही तिनंच मारली. झाकणावर म्हातारीनं पणती ठेवली, पण लाल दाढीचा खलाशी ओरडत आला. बोटीवर विस्तव चालणार नाही! पणती न पेटवताच मडकं दोरीनं खाली सोडलं.

त्यानंतर नऊ दिवस बोट धडधडत पश्चिमेला चालली होती. मडकं कुठल्या कुठे मागे राहायला हवं होतं.

"अहो कांग," ती नवऱ्याला म्हणाली, "मागे आपलं मडकं दिसतंय."

तर्मिदी आता उठून बसायला लागला होता. "समुद्रात काय कमी मडकी असतात? प्रत्येक बोटीवरून माणसं टाकतात."

"सरळ उभं? आपल्याच मागे?"

"बरं, मग त्याला म्हणावं तिकीट काढ आणि वर ये." शेजारची दोन माणसं हसली. तिचा चेहरा बघून त्यानं आवाज खाली आणला. "झोप होत नाही गं तुझी. आपण हाजी व्हायला निघालोय. असलं काही मनात आणू नकोस."

बरोबरच होतं त्याचं. झोप होत नव्हती. झोप न झालेली बाई काय काय बघते, हेही कुठल्या किताबात नव्हतं.

पण मडकं रोज जवळ येत होतं. अकराव्या दिवशी भर दुपारी तिला झाकणावरची पणती दिसली. पणती पेटलेली होती. धुराड्याचा धूर वाऱ्यानं आडवा होत होता आणि ती ज्योत मात्र भिंतीआड ठेवल्यासारखी सरळ उभी होती.

आणि नाळ. पाचव्या, फार तर सातव्या दिवशी बेंबीची नाळ गळून पडते आणि मग बाळाचं नाव ठेवतात. याची बारा दिवस झाले तरी पडेना. वाळेचना. ओली, निळसर, कालच कापल्यासारखी ताजी. पोर दिवसभर प्यायचं, हिला पोखरून काढायचं, आणि तरी त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या. प्यालेलं दूध कुठे जात होतं? त्याच्या टाळूला दुधाचा वास येत नव्हता. ओहोटीनंतर उघड्या पडलेल्या चिखलाला येतो, तसला वास येत होता.

उन्हं उतरताना ती म्हातारीशेजारी जाऊन बसली.

"म्बाह... तुम्हाला दिसतंय?"

म्हातारीनं विडा एका गालातून दुसऱ्यात घेतला. "चार दिवस झाले, पोरी."

"मग बोलला का नाहीत?"

"ओल्या बाळंतिणीला काय बोलू? आणि... चूक माझी आहे." ती पाण्याकडे न बघता बोलत होती. "पाण्यात सोडताना वेगळं बोलायचं असतं. चाळीस वर्षं मी अंगणात पुरत आले. तोंडात तेच आलं. 'थोरल्याला सोडून जाऊ नकोस, त्याच्या जवळच राहा.' घर जागचं हलत नाही गं. बोट हलते."

मुंतियाला हसू फुटेल असं वाटलं आणि त्याचीच भीती वाटली. "म्हणजे तो सांगितलेलं ऐकतोय."

"ऐकतोय ना. शहाणा आहे. तूच अक्षरं घालून दिलीस."

"जवळ म्हणजे... किती जवळ?"

"ते मी सांगितलं नाही," म्हातारी म्हणाली. मग बाळाचा कपडा वर करून तिनं नाळ बघितली आणि पटकन झाकली. "यानं अजून सोडलेलं नाही त्याला. किंवा त्यानं याला. असंच राहिलं तर हे बाळ बंदर बघायचं नाही, मुंतिया. बापाला सांग. सोडायचं काम बापाचं होतं, परत धाडायचंही त्याचंच."

तर्मिदी ऐकेना. हे सगळं अडाणीपण आहे, असल्या यात्रेत तर पापच आहे, असं म्हणत राहिला. मुंतियानं वाद घातला नाही. त्याचं बोट धरून तिनं ते बाळाच्या कपाळावरून फिरवलं.

"चाटा."

"वेडी झालीस?"

"चाटा म्हणते ना."

त्यानं बोट जिभेला लावलं. खारट. घामासारखं नाही. समुद्रासारखं. बाळ दोन दिवस घामेजलंही नव्हतं. ते रडतसुद्धा नव्हतं आता.

तर्मिदी उठला. त्यानं हातपाय धुतले, धुतलेलं सारोंग नेसला, डोक्यावर टोपी घातली. तिघं बाळाला घेऊन पिछाडीला आली. सूर्य बोटीच्या नाकासमोर बुडत होता आणि मागचं पाणी शिसवी काळं पडलं होतं. तिथे मडकं दिसेना. मुंतियाच्या जिवात जीव आला... तेवढ्यात खालून आवाज आला.

टक.

मग पुन्हा, बोटीच्या लोखंडावर. टक... टक... घरचे आत आहेत हे ठाऊक असलेल्या बाहेरच्यानं दार वाजवावं, तसा शांत, न कंटाळणारा. कठड्याच्या खालून थोडा उजेड येत होता.

तर्मिदी वाकला. त्याला काय दिसलं ते त्यानं पुढे कधीच सांगितलं नाही. "घरी जा," तो म्हणाला. मग कठडा धरून मोठ्यानं पुन्हा म्हणाला, "घरी जा. देमाकला. दाराच्या उजव्या हाताला, वळचणीखाली तुझी जागा आहे. माझी आई तिथे एकटी आहे. तिला दिसत नाही. तिला सोबत कर, आम्ही येईपर्यंत..."

म्हातारीनं त्याचं मनगट पकडलं. "पुरे! इतकं नको बोलूस... नुसतं 'घरी जा' म्हणायचं होतं."

टकटक थांबली. एक बारीक उजेड पूर्वेकडे सरकत गेला, प्रवाहाला न जुमानता सरळ, आणि दिसेनासा झाला.

सकाळी नाळ गळून पडलेली होती. चिंचोक्यासारखी कोरडी. बाळ भोकाड पसरून रडलं, तर आजूबाजूच्या बायकांनी मुंतियाला मिठ्याच मारल्या. नाव ठेवलं बुऱ्हान. जेद्दाला उतरताना त्याच्या मांड्यांना वळ्या पडल्या होत्या. एवढंच, की त्या दिवसापासून तो फक्त उजव्या अंगाला प्यायचा. डावीकडे घेतलं की तोंड फिरवायचा, दुसऱ्याचं ताट समोर आल्यासारखं. डावी बाजू आधी दगडासारखी ठणकली, मग महिन्याभरात आटून गेली. मुंतियानं मनाला समजावलं. काही मुलं असतात अशी.

आठ महिन्यांनी ती तिघं देमाकला परतली. दुपारची वेळ होती. गल्लीत शिरल्यापासून तर्मिदीला लोक 'हाजी' म्हणून हाका मारत होते आणि तो लाजत होता. सासूबाई उंबऱ्यात बसल्या होत्या, मोतीबिंदूनं पांढरे झालेले डोळे रस्त्याकडे लावून.

"आलात?" त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला. आत्ता कुठे डोळा लागलाय."

"कुणाचा, आई?"

"धाकट्याचा."

दाराच्या उजव्या हाताला, वळचणीखाली, एक टोपली उपडी घातलेली होती. टोपलीच्या विणीतून भर उन्हात दिव्याची ज्योत दिसत होती. सरळ, न हलणारी.

"बरं केलंस लेका, त्याला आधी धाडलंस," सासूबाई म्हणत होत्या. "मला एकटीला सोबत झाली. फार गुणी आहे, रडणं माहीत नाही. पेज करून भरवते, पण तोंड लावत नाही. म्हणून म्हटलं, राहू दे. वाट बघतोय."

आत तुळईला कापडाची झोळी टांगली होती. तिच्यातून थेंब गळत होते आणि खाली मातीत मिठाचं पांढरं वर्तुळ उमटलं होतं. वारा नव्हता. झोळी सावकाश झुलत होती.

तर्मिदी दारातच उभा राहिला. मुंतियाच्या कडेवरचा बुऱ्हान मात्र अंधारात डोळे बारीक करून बघत होता. मग तो खळखळून हसला आणि दोन्ही हात पसरून झोळीकडे झेपावला. तिनं त्याला गच्च आवळून धरलं.

झोळी झुलायची थांबली.

मुंतियानं मान खाली घातली. तिच्या चोळीची डावी बाजू भिजत चालली होती.