तेवढ्याच मोठ्यानं

दवाखान्याच्या जिन्यात लीलाचा डबा डॉक्टरच्या पोटावर आपटला आणि आळिवाची खीर त्याच्या पांढऱ्या कोटावरून ओघळली. चूक त्याचीच, खाली मान घालून धावत उतरत होता. "सॉरी..." म्हणत तो हसला. हसू गोड होतं, हे लीलाला नको असताना दिसलं. पण कोट डॉक्टरचा आहे हेही दिसलं, आणि तिचं डोकं भडकलं.

"बाळंतिणींच्या वॉर्डातलं कृष्णात डॉक्टर तुमीच व्हय?"

"हो... का?"

"माझ्या भनीचा संसार मोडलासा तुमी!"

यात काही खोटं नव्हतं. लीलाची थोरली बहीण शालू पहिल्या बाळंतपणाला माहेरी कोल्हापुरात आली होती. तिचा नवरा आकाराम पलटणीतला. गुढीपाडवा करून तो सीमेवर गेला आणि पौष लागता लागता शालूला मुलगा झाला. दिवस पुरे भरले होते, पोर मात्र एवढंसं. कोडोलीहून सासू झुंबरबाई नातू बघायला आली, आणि नेमकं तेव्हाच या शहाण्यानं नर्सला भर वॉर्डात ओरडून सांगितलं, "प्रिमॅच्युअर बेबी आहे, जपा!" शेजारच्या खाटेवरच्या बाईनं म्हातारीला अर्थ पुरवला – अपुऱ्या दिवसांचं. झुंबरबाईनं बोटांवर महिने मोजले. सातव्या महिन्यातलं पोर, म्हणजे ते पोटात राहिलं तेव्हा आकाराम घरी नव्हताच! म्हातारी पाण्याचा घोटही न घेता उठली. बारशाला आमच्याकडचं कुणी येणार नाही, असा निरोप आला. आत्याच आली नाही तर पोराच्या कानात नाव कोण सांगणार? शालूनं तेव्हापासून भिंतीकडे तोंड केलं होतं.

"सांगा, पोर अपुऱ्या दिवसांचं हाय?"

डॉक्टरचं हसू मावळलं. "नाही हो. नखं बोटांच्या टोकापर्यंत आलीत, तळपायावर रेघा आहेत, कान टणक आहेत. दिवस पुरे भरलेत. फक्त वजन कमी आहे."

"मग त्यो शब्द का वापरलासा?"

"साडेपाच पौंडांच्या आतल्या प्रत्येक बाळाला पूर्वी तेच म्हणत. आता 'लो बर्थ वेट' म्हणायचं ठरलंय... कमी वजनाचं बाळ. पण तोंडात बसलेली सवय –"

"सवय तुमच्या तोंडाची, आणि अब्रू माझ्या भनीची?" जिन्यातली माणसं थांबून बघू लागली. लीलाला पर्वा नव्हती. "पोर तराजूत घालून आईची परीक्षा करायची व्हय? वॉर्डात जेवढ्या मोठ्यानं बोललासा, तेवढ्याच मोठ्यानं कोडोलीत येऊन सांगा. चारचौघांत!"

मग त्याची पुस्तकी भाषा एकदम गळून पडली. "येतो की! कुरुंदवाडचा हाय मी. केलेलं निस्तराय भितो व्हय?"

आणि आला. रविवारी लीला वडिलांबरोबर, म्हणजे आबांबरोबर कोडोलीच्या एसटीत चढली, तर हा आधीच खिडकीशी बसलेला. तिनं त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं, आणि वाटेत दोनदा बघितलं.

झुंबरबाई गुऱ्हाळावर होती. काहिलीत रस उकळत होता, भोवती निम्मी गल्ली जमली होती.

"मावशी, चूक माझी हाय!" डॉक्टर ओरडला. "नातू पुऱ्या दिवसांचा हाय! वजन तेवढं कमी हाय!"

"ल्हान हाय म्हंजी कच्चंच की," म्हातारी वळूनही न बघता म्हणाली. "मला शिकवू नगंस."

डॉक्टर पुन्हा नखं, तळपाय, कान सांगू लागला. लीलाला मात्र राहवलं नाही. साच्यातून काढून ठेवलेल्या गुळाच्या रव्यांत, म्हणजे ढेपांत, एक अगदी धाकटा होता. तो तिनं उचलून म्हातारीपुढं धरला.

"ह्यो त्याच काइलीतला हाय न्हवं, मावशी? ल्हान पडला म्हणून कच्चा म्हणशीला?"

झुंबरबाई त्या रव्याकडे बघत राहिली. मग तिचा चेहराच पडला. "नाक माझ्या आकारामचं हाय पोराला," ती पुटपुटली. "आन् मी बोटं मोजत बसली गं..."

बारशाला आत्या आली. पोराच्या कानात नाव सांगून झालं. झुंबरबाईनं शालूचे दोन्ही हात धरले आणि सगळ्यांसमोर माफी मागितली. कृष्णात डॉक्टर दाराशी घुगऱ्यांची वाटी घेऊन उभा होता. एकही दाणा त्यानं खाल्ला नव्हता.

"राग गेला काय?" त्यानं हळूच विचारलं.

"न्हाय. पुऱ्या दिवसांचा हाय त्यो."

"माझं मन... म्हंजी... तुमच्यावर बसलंय. खीर सांडली तवापासनं."

लीलाचे कान तापले. "आठवडा बी झाला न्हाय. अपुऱ्या दिवसांचंच की मग!"

"ल्हान हाय म्हणून कच्चं म्हणशीला?"

तिनं ओठ दाबले, तरी हसू फुटलंच. मग तिनं पदर खोचला. "मला कानात काय सांगताय? आत आबा बसल्यात. वॉर्डात बोललासा, तेवढ्याच मोठ्यानं सांगा."

डॉक्टरनं वाटी तिच्या हातात दिली, कपाळावरचा घाम पुसला आणि उंबरा ओलांडला.

"आबा!" तो असा गरजला, की पाळण्यातलं पोर दचकून जागं झालं आणि खणखणीत रडायला लागलं.