धरून ठेवलेले बफर

हसा, खुशाल हसा. त्या दुपारी आधी मीही हसलेच होते.

काम साधंच होतं. इस्पितळात नर्सच्या टेबलावरची स्क्रीन सारखी गोठत होती, आणि तिच्यामागची प्रणाली मी लिहिलेली. त्यात माझी आत्या त्याच वॉर्डात, छातीला तारा लावून पडलेली. स्क्रीन गोठलेली असताना तिचं हृदय थांबलं असतं, तर कोणाला पत्ताही लागला नसता.

सर्व्हरची खोली तळघरात. खिडकी नाही, तापलेल्या धुळीचा वास आणि पंख्यांची एकसुरी घरघर. मी निवांत बसले. आपल्याच हातचं काम, भ्यायचं कशाला? रुग्णाचा ठोका नेटवर्कवरून आला की कर्नल, म्हणजे सर्व्हरच्या प्रणालीचा गाभा, त्याला मेमरीचा एक तुकडा देतो, तो बफर. ठोका वाचून झाला की तुकडा परत. कोणी ते तुकडे धरूनच बसलं, तर मेमरी संपते आणि नवे ठोके दाराशीच गळून पडतात.

कोण धरून बसलंय ते पाहिलं. सगळे बफर एकाच खाटेचे, आत्याच्या शेजारच्या. मी वर फोन लावला.

"सिस्टर, आत्याच्या शेजारचा मॉनिटर जरा बंद करता?"

"कुठला? त्या खाटेवरचे मास्तर काल वारले ना. मॉनिटर तेव्हाच काढून नेला..."

"आणि तारा?"

"भिंतीशी लोंबतायत... मोकळ्या."

माझ्यासमोर त्या खाटेचे ठोके येतच होते. संथ, एकसारखे. अंगावर सर्रकन काटा आला, खोटं कशाला बोलू? पण शेपूट घालून पळणारी मी नव्हे. तिकडे आत्याचे ठोके वाया चालले होते. मी ते सगळे बफर जबरदस्तीने सोडवले. मास्तरांचे ठोके थांबले, आणि आत्याचा आलेख सरसर धावू लागला.

"झालं! मेमरीची गळती होती," मी सिस्टरांना ऐटीत सांगितलं.

वर आले तेव्हा वॉर्डात छान ऊन पडलं होतं. सिस्टर लांब टेबलाशी होत्या. मी आत्याच्या पायाशी उभी राहून फुशारकी मारत होते, ती कौतुकाने ऐकत होती.

"हुशारच आहेस गं," ती पुटपुटली. "पण आता हात सोड ना माझा... कळ लागलीय."

माझे दोन्ही हात खाटेच्या दांडीवर होते. तिचा हात शेजारच्या रिकाम्या खाटेकडे ताणला गेला होता.