पडद्याआडचे काका

हेल्मेटमधून बाहुली निघते, हे तिने त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं!

हेल्मेटवाला चौकातल्या टायरच्या दुकानातला. दंड हे एवढाले, नखांत ग्रीस, आणि चेहरा मात्र चोरी पकडल्यासारखा.

"हात निखळलाय हिचा," तो कुजबुजला. "म्हणजे... माझी नाही हं. पुतणीची आहे."

"बघते—" तिने पटकन जीभ चावली. "म्हणजे, काकांना दाखवते."

काका नव्हतेच मुळी! आत्याच्या या खेळण्यांच्या दुकानात डाव्या भिंतीला गुलाबी खोकी, उजवीला निळी, आणि मागे एक पडदा. पडद्याआड बसून ती एकटीच खेळण्यांच्या मोटारी खोलायची, तारा जोडायची. पण "ही पोरगी दुरुस्त करणार?" म्हणत गिऱ्हाइकं माघारी फिरायला लागली, तेव्हा आत्याने हे काका जन्माला घातले. पडद्याखालून दिसतील अशा भल्यामोठ्या चपलासुद्धा आणून ठेवल्या.

"लोकांना आत पुरुषमाणूस लागतो गं बयो," आत्या म्हणायची. "दिसला नाही तरी चालतो!"

त्याची बाहुली मग वरचेवर आजारी पडू लागली. कधी डोळा मिटेना, कधी पाय वाकडा. तो यायचा, काउंटरला रेलायचा, कान लाल होईपर्यंत हसायचा.

"तुमचे काका फार हुशार आहेत हो."

"आहेतच! दिसायलाही छान आहेत."

"असं? भेटवा की एकदा."

"लाजतात ते... तुमची पुतणी कशी आहे?"

"तीसुद्धा लाजते."

एकदा बाहुली नवा चौकटीचा फ्रॉक घालून आली. टाके असे की मुंगीने घातलेत जणू! ती बघतच राहिली. कारण त्याच चौकटी त्याच्या शर्टावर होत्या, आणि शर्टाचा खिसा गायब होता...

तिला ते फार गोड वाटलं. पाठोपाठ एक शंकाही टोचली. याला आवडते ती काउंटरवरची मुलगी. पडद्याआडची कळली, तर?

आणि एक दिवस नेमक्या पाळणाघरवाल्या बाई आल्या.

"मला काकांशीच बोलायचंय. आमची गाडी काय सुरेख केली त्यांनी! आता सगळी खेळणी त्यांच्याकडेच देणार. पण माणूस बघून हं."

"जेवायला गेलेत," आत्या म्हणाली.

"काल पण जेवायलाच गेले होते!"

ती काउंटरवरची खोकी उगाचच नीट लावू लागली. तो दारातच उभा होता, हेल्मेट पोटाशी धरून. त्याने तिचा उतरलेला चेहरा पाहिला... आणि तरातरा येऊन बाहुली सगळ्यांसमोर काउंटरवर ठेवली.

"ही माझी आहे," तो म्हणाला. "लहानपणापासूनची. पुतणीबितणी कुणी नाही. फ्रॉक मीच शिवतो. आणि... मागच्या खेपेला पाय पण मीच वाकडा केला. इथे यायला मिळावं म्हणून."

कुणीच हसलं नाही. बाईंनी फ्रॉकची कड उलटून पाहिली. "अगंबाई, शिवण काय बारीक आहे!"

पण तो बाईंकडे बघतच नव्हता.

तिने सर्रकन पडदा बाजूला ओढला. आत एकच स्टूल, स्क्रूड्रायव्हर, उघडी मोटार.

"काकाही नाहीत," ती म्हणाली. "मीच आहे."

"मग आधी नाही का सांगायचं!" बाई म्हणाल्या. "उद्याच पोतंभर खेळणी पाठवते तुझ्याकडे."

बाई गेल्या. तो अजून तिथेच.

"पुतणी नाही, काका नाहीत," तो हळूच म्हणाला. "मग राहिलं कोण?"

"आपण दोघंच..."

"आणि मी काय खोक्यातली बाहुली?" आत्या कडाडली. तिने काकांच्या चपला उचलल्या आणि त्याच्यासमोर आदळल्या. "घाल बघू. उगाच वाया कशाला घालवायच्या!"

त्याने भीतभीत पाय सरकवले.

अगदी मापाच्या!