एका ओढीत सुटणारा पट्टा

प्रभावतीच्या पत्राला माधवनं उत्तर दिलं नव्हतं.

सोमवारपासून ते त्याच्या खाकी सदऱ्याच्या खिशात होतं, घामानं मऊ पडलेलं. मजकूर एवढाच – ‘जालन्याचं स्थळ आलं आहे. रविवारी आईला माझं उत्तर हवं आहे. तुम्हाला काही म्हणायचं असेल तर लिहून कळवा. तोंडी विचारलं की तुम्ही नट-बोल्टांवर बोलता. उत्तर आलं नाही, तर नाही असंच समजेन.’

माधव परभणीच्या आरोग्य खात्याच्या गाडीखान्यात फिटर होता. जीव मात्र सगळा पुस्तकांत. लिहायला बसला की मायन्यापाशीच अडायचा. वडिलांना तीर्थरूप, धाकट्याला चिरंजीव... आणि हिला? ‘प्रिय’ लिहिलं, खोडलं. ‘प्रभावतीबाईंस’ लिहिलं, तर तो रजेचा अर्ज वाटायला लागला.

पण मायना हे निमित्त. खरी अडचण होती ती तिच्या कोपरावरचा व्रण.

तो व्रण ताजा असतानाच ती पहिल्यांदा गाडीखान्यात आली होती. लढाईनंतर लिलावात घेतलेला एक लष्करी ट्रक खात्याकडे होता. रस्ता नसलेल्या गावांना लस घेऊन जायचा – ओढे, चिखल, काळी रानं तुडवत. चारठाण्याच्या वाटेवर त्यातलं बाकडं उखडलं आणि नर्सबाई, म्हणजे प्रभावती, पत्र्यावर आदळल्या.

“हे बाकडं कुणी बसवलं?”

माधव ट्रकखालून सरपटत बाहेर आला. नाकाला ग्रीस.

“मी...”

ती थबकली. “इतक्या लवकर कबूल? मी तर भांडायची तयारी करून आले होते!”

“मग भांडा ना,” तो म्हणाला, अगदी मनापासून.

ती खळखळून हसली. तो मात्र तिच्या कोपराच्या पट्टीकडेच बघत राहिला – ती जखम त्याच्या कामानं केली होती.

त्यानं बाकडं काढून टाकलं. पाठ टेकता येईल अशा स्वतंत्र खुर्च्या केल्या, चासीतून आरपार बोल्ट घातले. लष्करी नवारीचे पट्टे शिवले – एक खांद्यावरून, एक कमरेला. आणि कमरेच्या पट्ट्याला, भीतीपोटी, कडब्याच्या गाडीला मारतात ती गाठ मारली. जितकी ओढ बसेल तितकी घट्ट होणारी.

प्रभावती बसून बघायला आली.

“छान. आता सोडते.” तिनं ओढलं. पुन्हा ओढलं. नख मोडलं. “अहो... हे सुटत नाही.”

बॉनेटला टेकलेला माणिकराव ड्रायव्हर खिदळला. “मिस्त्री, नर्सबाईला गाडीलाच बांधून ठिवायचा इचार हाय का काय?”

माधव गाठ सोडायला वाकला. कान तापले होते. तिच्या पदराला साबणाचा आणि स्पिरिटचा वास होता. तो नखांनी उकरत होता, गाठ ढिम्म.

“माधवराव,” ती हळूच म्हणाली, “ओढ्यात गाडी कलंडली... पाणी चढायला लागलं... तर?”

त्याचे हात जागीच थांबले. धरून कसं ठेवायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

“बैल चिखलात बसला की आमच्या मानवतला जुवाची शिवळ, ती मानेजवळची खुंटी, उपसतात,” तीच पुढं म्हणाली. “ बैल मोकळा. माणसाला तेवढं तरी द्या!”

त्यानं पट्टा कापून तिला सोडवलं. मग बाभळीच्या खिट्ट्या तासल्या, जुवाच्या शिवळीसारख्या. पट्ट्याच्या दोन्ही टोकांच्या फासांतून खिट्टी आरपार, खिट्टीला दोरी. ओढली की – खट्, पट्टा मोकळा!

ती रोज येऊन एकेक खुर्ची तपासायची.

“अजून आवळू?”

“श्वास घेऊ द्या की हो!”

“भरवसा आहे ना?”

“खिट्टीवर आहे,” ती मान तिरकी करून म्हणाली. “मिस्त्रीचं अजून ठरायचंय...”

त्यानंतरच्या सोमवारी तिनं ते पत्र त्याच्या हत्यारांच्या पेटीत ठेवलं.

बुधवारी ताडकळसच्या पलीकडच्या एका वाडीत पटकी लागल्याची खबर आली. आभाळ दोन दिवस गळत होतं. प्रभावती ट्रकमध्ये चढली, पट्टा लावला, खिट्टी सारली आणि खाली वाकून म्हणाली,

“उत्तर?”

माधवनं ओठ उघडले. “बाभळीचं लाकूड... ओलं झालं की फुगतं.”

“नट-बोल्ट!” ती हसली. डोळे हसले नाहीत. ट्रक निघून गेला.

तो संध्याकाळी परतायचा होता. परतला नाही.

खिट्ट्यांना तेल पाजलं होतं. पण पुरेसं पाजलं होतं का? फास जास्त घट्ट तर नव्हता? बाकडं नीट बसलंय असंही त्याला तेव्हा वाटलंच होतं की...

गुरुवारी दुपारी ट्रक आला. एक बाजू चिखलानं लिंपलेली, एक दिवा फुटलेला. माधव धावत मागच्या बाजूला गेला. तिची खुर्ची रिकामी होती. पट्टा लोंबत होता. त्यात खिट्टी नव्हती.

“माणिकराव... त्या?”

“अवो, बसा आधी! नाल्यात गाडी आडवी झाली. समदे पट्ट्याला लटकले, पर पडलं न्हाई कुनी. पानी आत शिरलं तशी नर्सबाईनं पयली आपली दोरी ओढली. मंग दुसऱ्यांच्या. बैल लावून गाडी काढली.”

“पण त्या कुठं आहेत?”

“वाडीत. लस टोचायलायत. मंगळवारी आनायचं त्यास्नी.” माणिकरावानं खिशातून खिट्टी काढली. “ही दिली. म्हनल्या, मिस्त्रीला सांगा – भिजून बी सुटली.”

माधवनं ती मुठीत धरली. लाकूड अजून ओलसर होतं.

माधव पोचला तेव्हा पोस्ट बंद व्हायच्या बेतात होतं.

“एक पाकीट.”

“पाकिटं संपली. कार्ड हाय,” बाबू म्हणाला. “चालंल?”

उघडं कार्ड! ताडकळसचा पोस्टमन वाचणार, मग सगळ्या वाडीला कळणार... माधवनं खिशात खिट्टी चाचपली आणि टाक मागितला. मायन्यापाशी तो थांबला. मग नुसतंच नाव लिहिलं.

‘प्रभावती,

खिट्टी मिळाली. मला सारखी भीती वाटते, पुढंही वाटेल. तरी मला तुम्ही हव्या आहात. तुमची हरकत नसेल, तर जालन्याला नाही कळवा. तुम्ही वाडीत असाल, म्हणून रविवारी मीच मानवतला तुमच्या आईंना भेटायला जातो.

माधव’

बाबूनं कार्ड घेतलं, उगाच खाकरला, आणि शिक्का उचलून विचारलं, “मारू का? मंग परत न्हाई मिळायचं.”

“मारा,” माधव म्हणाला.