हरेल त्याने राहायला यायचं

हार्लन फॉर्कच्या शाळेच्या जिममध्ये अगदी खालच्या ओळीत, बास्केटच्या मागे, एकच जागा रिकामी होती. डेला प्रुइट तिथे बसायला वाकली, आणि त्याच क्षणी दुसऱ्या बाजूने एक माणूसही वाकला. दोघांचे खांदे आपटले. त्याच्या हातातलं पॉपकॉर्न तिच्या उघड्या पर्समध्ये गेलं.

"ही जागा माझी आहे," डेला म्हणाली.

"नाव लिहिलंय?"

"लिहिलंय की." तिने स्वतःच्या जॅकेटवर बोट ठेवलं. छातीवर लाल अक्षरांत 'हॉलिस स्टेट' होतं.

त्याने खाली मान घालून स्वतःची छाती वाचली. हिरव्या अक्षरांत 'टॅलमन कॉलेज'.

"अरे वा," तो म्हणाला. "म्हणजे एकाच मुलीला मागणी घालायला आलेली दोन घरं आपण! सरका जरा. दोघंही मावू."

ती सरकली. का सरकली, हे तिला पुढे वर्षभर सांगता आलं नाही.

ती मुलगी म्हणजे जोलीन व्हिटेकर. सहा फूट तीन इंच उंच, शाळेचं एक वर्ष अजून बाकी, आणि डाव्या हाताने असा चेंडू टाकायची की समोरच्या संघातल्या पोरींनी टाळ्या वाजवायच्या तेवढ्या बाकी राहायच्या. नियम असा, की ठरलेली तारीख उजाडेपर्यंत कोणत्याही कॉलेजच्या कोचने तिच्याशी एक शब्द बोलायचा नाही. बघायचं फक्त. त्यामुळे सहायक कोचचं खरं काम बघणं नसतंच, दिसणं असतं. चार तास गाडी हाकायची, कॉलेजचं नाव छातीवर मिरवायचं, मुलीची नजर पडेल अशा जागी बसायचं आणि परत चार तास गाडी हाकायची. याला कारकीर्द म्हणतात. संघ जिंकला की मुख्य कोच हुशार ठरतो. हरला की सहायक बदलतात.

"ग्रॅडी कोव्हॅक," तो म्हणाला. "आणि तुम्ही खेळाकडे बघा. माझ्याकडे बघून तुमचं कॉलेज जिंकणार नाही."

"मी माझं पॉपकॉर्न शोधतेय."

"तुमचं?"

"माझ्या पर्समध्ये आहे ना? मग माझंच."

तो हसला. त्याच्या पुढच्या दोन दातांत बारीकशी फट होती. डेलाने ती पाहिली आणि घाईघाईने मैदानाकडे बघितलं... तेवढ्यात जोलीनने चेंडू कसा टाकला, ते तिला कळलंच नाही.

त्या हिवाळ्यात दोघं अर्ध्या इंडियानाच्या जिम फिरली. वेगवेगळ्या गाड्यांतून आली, एकाच बाकावर बसली. पॉपकॉर्नचा खारट वास, ओल्या मोज्यांचा वास, बाहेर बर्फाळ पाऊस. मोटेलमध्ये सकाळी वॉफलच्या यंत्रापुढे तो तिच्यासाठी रांगेत उभा राहायचा.

"करपलंय," ती म्हणायची.

"प्रेमाने केलंय म्हणून."

"मग जरा कमी प्रेमाने करत जा ना!"

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं हे दोघांपैकी कोणाच्याच लक्षात आलं नाही. एकदा गोठलेल्या पार्किंगमध्ये तिचा पाय घसरला, त्याने हात धरला, आणि गाडीपर्यंत पोचल्यावरही सोडला नाही. दोघांच्या हातात जाड हातमोजे होते. तरीही घरी येईपर्यंत तिचा तो हात स्टिअरिंगवर नीट बसेना.

डेलाचं घर म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या आणि न उघडलेली खोकी. चार कॉलेजं झाली होती. दर वेळी मुख्य कोच गेला की सहायकांनी चाव्या ठेवून निघायचं, हा धंद्याचा शिरस्ता. या वेळी मात्र तिने एक खोकं उघडलं, पडदे काढले आणि लावलेसुद्धा.

पडदे लागून आठवडा झाला नव्हता तोच तिची मुख्य कोच बार्ब हिने तिला बोलावून घेतलं. बार्ब वाईट नव्हती. फक्त सगळं हवामानाच्या बातमीसारखं सांगायची.

"जोलीन आली तर तू पहिली सहायक. नाही आली तर पुढच्या एप्रिलमध्ये तुझा करार वाढवणं माझ्या हातात नाही. कॉफी घेतेस का?"

सप्टेंबरमध्ये मुलींच्या घरी जायची परवानगी मिळाली. त्या आठवड्यात एका दुपारी दोघं हार्लन फॉर्कच्या खाणावळीबाहेर ग्रॅडीच्या गाडीत बसली होती. टपावर पाऊस वाजत होता. काचा आतून धुरकटल्या होत्या.

"एक सांगू?" ग्रॅडी म्हणाला. "कोणालाच माहीत नाही — माझ्या आईलासुद्धा नाही. आमचा मुख्य कोच लँडर्स मार्चमध्ये चाललाय. टेक्सासला. सगळं ठरलंय."

"आणि तू?"

"आमच्याकडे खेळायच्या करारावर जोलीनची सही मी आणली तर कॉलेज मला ठेवून घेणार. तसं कबूल केलंय त्यांनी. नाही आणली तर..." त्याने काचेवरच्या धुक्यात एक घर काढलं आणि बोटाने पुसून टाकलं. "तुझं काय?"

"माझंही तेच."



"मग असं करू," तो म्हणाला. "सरळ लढायचं, लांड्यालबाड्या नाहीत. जो हरेल त्याने जिंकणाऱ्याकडे राहायला यायचं. कायमचं."

"ही मागणी आहे की पैज?"

"तुला कशाला हो म्हणायला सोपं जाईल?"

"पैजेला."

"मग पैज."

तिने त्याच्या कॉलरला धरून त्याला जवळ ओढलं. पुढचं काचेवरच्या धुक्याने कोणाला दिसू दिलं नाही.

म्हणजे हिशेब सरळ होता. डेला हरली असती तरी तिला ग्रॅडी मिळाला असता. बाकावर बसून इतक्या मुलींचे डाव ओळखणाऱ्या बाईला एवढं तरी दिसायला हवं होतं.

गुरुवारी डेला व्हिटेकरांच्या स्वयंपाकघरात बसली. जोलीनची आई रोंडा शाळेची बस चालवायची, वर्षानुवर्षं त्याच मार्गावर. आताशा मुली हव्या तेव्हा कॉलेज बदलतात. पण अर्ध्या वाटेत उतरणारी माणसं रोंडाला बघवत नसत. तिने ताज्या पाय-पेस्ट्रीचा तुकडा कापून डेलापुढे ठेवला.

"सफरचंदाचा आहे. खा. आणि कोच, मला ते तुमचे चकचकीत फोटो दाखवू नका. एवढंच सांगा, माझी पोरगी तिथे असेल तोवर तिला शिकवणारी माणसं तिथेच असतील का?"

"आमच्या कोच बार्ब तिथेच घर बांधतायत, मिसेस व्हिटेकर."

"आणि टॅलमनचे? ते रविवारी येतायत. तो ग्रॅडी पोरगा गोड आहे हो. जोलीनचं मन तिकडेच आहे, खोटं कशाला बोलू?"

डेलाने त्या पेस्ट्रीचा घास घेतला. 'चांगलं कॉलेज आहे ते' असं म्हणायचं तिने ठरवलं होतं. गाडीत येताना तीनदा म्हणूनही पाहिलं होतं. पण तिच्या डोळ्यांपुढे ती खोकी आली, हौसेने लावलेले पडदे आले, आणि इतक्या वर्षांची सवय जिभेवर आधी पोचली.

"मी दुसऱ्या कॉलेजबद्दल कधी वाईट बोलत नाही," ती गोड हसून म्हणाली. "तुम्ही त्यांना फक्त एवढंच विचारा... मार्चनंतर तुमचे कोच कुठे असतील?"

रोंडाचा सुरीचा हात थांबला. "मार्चनंतर," तिने हळूच म्हणून पाहिलं.

सोमवारी सकाळी रोंडाचा फोन आला.

"कोच प्रुइट, पोरगी तुमची! आता खूश?"

"मिसेस व्हिटेकर... खूप खूप..."

"ऐका तर. मी विचारलं. तो लँडर्स म्हणतो, मी कुठे जाणार, मला इथेच पुरा! मला काही ते पटेना. म्हणून मी त्या पोराकडे बघितलं. म्हटलं, बाळा, तू सांग. तर तो मलाच विचारतो, मार्चचं कोणी सांगितलं तुम्हाला? मी म्हटलं, कोच प्रुइटनी."

डेलाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पुढ्यातल्या बशीकडे बघत बसला हो. मग म्हणाला, 'त्या म्हणतात ते खरं आहे.' स्वतःच्या साहेबासमोर! लँडर्स असा लाल झाला... भला पोरगा. त्याचं काही वाईट तर नाही ना होणार?"

"नाही," डेला म्हणाली. "काही नाही होणार."

ग्रॅडीला परतीच्या वाटेवरच नोकरीवरून काढून टाकलं होतं. गाडी लँडर्सची असल्यामुळे तो पेट्रोल पंपावर उतरला आणि बसने गेला. बार्बने हे हसत हसत सांगितलं.

"खरं बोलला म्हणे! असल्या माणसाने या धंद्यात यावंच कशाला? तुझी बढती मंजूर. कॉफी घेतेस का?"

डेलाने ग्रॅडीला फोन केले. वाजून वाजून थांबले. टॅलमनला जाऊन आली, तर त्याच्या घराच्या दाराला नवं कुलूप होतं आणि अंगणात रिकामी खोकी भिजत होती. शेवटी तिने लिहिलं. दुसऱ्यांच्या मुलींना ती रोज मोठमोठाले मेसेज लिहायची. हा मात्र चार वेळा खोडला.

"हरेल त्याने यायचं असं ठरलं होतं. मी लबाडी केली, म्हणजे खरी हरले मीच. तू सांगशील तिथे येते. नोकरी सोडून येते. तुझ्यावर प्रेम आहे. हे आधी म्हणायला हवं होतं."

वाचून बघितल्यावर तिला स्वतःलाच ते कोणाच्या तरी आईला पटवायला लिहिल्यासारखं वाटलं. तरी पाठवलं.

उत्तर आठवड्याने आलं.

"प्रिय कोच प्रुइट, तुम्ही मला दिलेल्या वेळेबद्दल मनापासून आभार. हा निर्णय माझ्यासाठी फार कठीण होता. पण घरच्यांशी बोलून आणि खूप विचार करून मी दुसरीकडे जायचं ठरवलं आहे. तुम्हाला आणि तुमच्या संघाला पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा."

सतरा वर्षांच्या मुली नकार देताना हेच पाठवतात, शब्दसुद्धा न बदलता. प्रत्येक कोचच्या फोनमध्ये असे ढिगाने पडलेले असतात. खाली नाव नव्हतं. त्याची गरजही नव्हती.

अशा मेसेजला काय उत्तर द्यायचं तेही ठरलेलं असतं. दोन ओळी, कडवटपणा अजिबात नाही, आमचं दार तुझ्यासाठी सदैव उघडं आहे वगैरे. डेला खिडकीशी उभी राहिली. तिने त्या दोन ओळी लिहिल्या आणि पाठवून दिल्या.

मग पडदा ओढून घेताना तिच्या ध्यानात आलं — लिहिताना आपला हात एकदाही थांबला नाही.